ट्रिगर नसलेला रिलीज

त्या दौंडहून तिरंदाजीच्या सरावाला येतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना नुसतं ताई म्हणते. बाण सुटला की तो कुठं लागला हे न पाहताच त्या शेंगदाणे तोंडात टाकतात. मला ते कधीच जमलं नाही.

जिल्हा संघात एकच जागा उरली होती आणि निवड चाचणीत आम्ही दोघी तिच्यासाठीच उतरणार होतो. रिलीज म्हणजे धनुष्याची दोरी पकडून सोडणारं, मुठीत मावणारं यंत्र. लक्ष्य दिसताच माझं बोट त्याचा ट्रिगर घाबरून ओढायचं.

चाचणीच्या आदल्या दिवशी शिरूरच्या मैदानावर ताईंनी स्वतःजवळचा जादा रिलीज मला दिला. त्याला ट्रिगरच नव्हता. पाठ आवळत गेलं की मूठ वळायची आणि दोरी आपोआप सुटायची. जवळून मारलेले माझे बाण एका जागी बसले.

“ताई, उद्या यानंच मारते.”

बोलून गेले आणि मनात शंका आली. मी चुकावं म्हणूनच तर हा दिला नसेल? मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी माझ्या मुठीतून तो काढून घेतला.

“येडी हाय का गं? सवय नसताना दोर ओढतानाच सुटला, तर मूठ थेट नाकावर बसंल. उद्या जुन्यानंच मार. हा नंतर घे, आन् सावकाश शिक.”

“पण मग जागा तुम्हालाच मिळेल.”

“मिळंलच की,” त्या म्हणाल्या. “पर माझ्या बाणांवर. तुझं नाक फोडून न्हाई.”