आमच्या शेतावर उजाडेना

माझा नवरा कोकणात शिक्षक आहे आणि मी सेलूजवळच्या एका खेड्यात शिक्षिका. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, दोघंही शिक्षक, बदली काय आज ना उद्या होईलच. ती अजून व्हायची आहे. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी येतो. बाकीचं वर्ष सेलूच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्याला तोंडावर मी अहो म्हणते. इथं मात्र 'तो' लिहिणार आहे, कारण मनातल्या मनात मी त्याच्याशी तसंच बोलते.

फोनवर बोलायचे विषय लवकर संपतात, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवलात का, काय केलं होतं, आईचे गुडघे कसे आहेत, शाळेत कोण आलं होतं. एवढं झालं की दोन्हीकडं शांत. एकदा असेच दोघं फोन कानाला लावून गप्प बसलो होतो, तर तो म्हणाला, "पंखा चालू हाय का तिकडं? आवाज येतोय." मी हो म्हटलं. तो आपल्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसला आणि मी त्याला ऐकू दिला.

पुढच्या दिवाळीत त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवला आणि त्यात एक गेम टाकून दिला. शेतीचा गेम. वरून दिसणारं छोटंसं शेत, एक घर, विहीर आणि नखाएवढी माणसं. दोघं दोन गावांत बसून एकाच शेतावर काम करू शकतात. मला हसू आलं. घराबाहेर पाऊल टाकलं की चहूकडं शेतंच, आणि आम्ही नवरा-बायको कॉम्प्युटरवर नांगरणार. पण तो गेल्यावर पहिल्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला, तर विहिरीपाशी तो उभा होता. म्हणजे त्याचं ते नखाएवढं चित्र. मी माझं चित्र त्याच्या शेजारी नेऊन उभं केलं. आम्ही बराच वेळ काहीच केलं नाही.

गेम परदेशी होता. तिथं बर्फ पडायचं, आणि पिकं अशी की नावं वाचताना जीभ अडखळावी. मग त्यानं मॉड शोधायला सुरुवात केली. मॉड म्हणजे मूळ गेमला लोकांनी हौसेनं केलेली जोडणी. ती फाइल आपल्या फोल्डरमध्ये टाकली की गेम बदलतो. एका मॉडनं बर्फ गेलं. दुसऱ्यानं कापूस आणि ज्वारी आली. मग कडुलिंब आला, म्हैस आली, घराला ओटा आला आणि भिंतींना चुन्यात नीळ कालवल्यासारखा रंग. प्रत्येक मॉड दोघांच्याही लॅपटॉपमध्ये टाकावा लागे. तो फाइल पाठवायचा आणि कुठं टाकायची ते फोनवर सांगायचा.

सासूबाई सुरुवातीला लांबूनच बघायच्या. सून सुट्टीच्या दिवशी त्या डबड्यापुढं का बसते, हे त्यांना कळत नव्हतं. एका रविवारी माझ्या मागं येऊन बसल्या आणि पडद्याकडं बोट करून म्हणाल्या, "हा आपला हाय का?"

मी हो म्हटलं.

"काय करायलाय?"

कापसाला पाणी घालायलेत, मी सांगितलं. त्या बघत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एवढ्या उन्हात डोक्याला दस्ती तरी बांधावी माणसानं." मी ते फोनवर त्याला सांगितलं. पुढच्या रविवारी तो डोक्याला पांढरी दस्ती बांधून शेतात आला. कुठून शोधली कुणास ठाऊक. त्या दिवसापासून रविवारचं जेवण लवकर उरकू लागलं आणि माझ्या खुर्चीमागं त्यांची खुर्ची आधीच मांडलेली असे.

त्या गेमचा एक नियम होता. दिवसभराचं काम झालं की दोघांनीही घरात जाऊन झोपायचं. दोघं झोपले की पडदा काळा होतो, दिवसाचं सगळं काम जमा होतं आणि दुसरी सकाळ उगवते. एक जरी जागा राहिला तरी दिवस पुढं जात नाही.

संक्रांतीनंतर कधीतरी बिघाड सुरू झाला. आम्ही दोघं झोपलो, पडदा काळा झाला आणि माझा गेम तडक बंदच पडला. पुन्हा उघडला तर तीच सकाळ. वेचलेला कापूस परत बोंडांत. आम्ही पुन्हा वेचला, म्हशीचं केलं, पाणी घातलं, झोपलो. पुन्हा बंद. पुन्हा तीच सकाळ. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच तर येचला होता की सगळा. मी त्यांना काय समजावणार? आमच्या शेतावर उजाडतच नव्हतं.

मग सुरू झाली दुरुस्ती. आधी वाटलं लॅपटॉप तापतोय. मी परात उपडी घालून त्यावर तो ठेवला आणि टेबलफॅन त्याच्याकडं फिरवला. तापणं थांबलं, बंद पडणं थांबलं नाही. मग नेटवर संशय आला. गच्चीवर जाऊन खेळून पाहिलं. मग गेम काढून पुन्हा टाकला. त्यानंतर त्यानं मला एक फाइल उघडायला लावली. गेम बंद पडताना त्यात काय बिघडलं ते लिहिलं जातं म्हणे. तांबड्या अक्षरांतली लांबलचक इंग्रजी ओळ मी पहिलीच्या पोरासारखी एकेक अक्षर वाचत गेले आणि तो तिकडं लिहून घेत गेला. अर्थ एवढाच निघाला की माझ्या लॅपटॉपला काहीतरी सापडत नाही. काय सापडत नाही, ते आम्हाला त्यातून उमगलं नाही.

शेवटी त्यानं निम्मे-निम्मे मॉड काढून बघायचं ठरवलं. आधी पिकांचे काढायचे, बघायचं. मग ते परत टाकून घराचे काढायचे, बघायचं. प्रत्येक वेळी शेतावरचा दिवस काढून झोपेपर्यंत जावं लागे, कारण बिघाड झोपल्यावरच कळायचा. काम कंटाळवाणं होतं. पण खरं सांगते, त्या रविवारांइतकं आम्ही कधीच बोललो नव्हतो. आता काय दिसतंय, तो विचारी. काळं. आता? अजून काळंच. वर कोपऱ्यात काही आलं? न्हाई. लग्न झाल्यापासून माझा एकेक शब्द कुणी इतका कान देऊन ऐकला नव्हता. गेम लवकर दुरुस्त होऊ नये असंही मला मधूनच वाटायचं.

त्याच दिवसांत आणखी एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. घरात मागच्या भिंतीपाशी तो जायचा आणि दिसेनासा व्हायचा. जरा वेळानं तिथूनच परत यायचा. सासूबाईंनीच ते पहिल्यांदा पाहिलं. "भिंतीत कुठं शिरायलाय हा?" त्या म्हणाल्या. मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, असेल, त्याच बिघाडातलं काहीतरी असेल. मलाही तसंच वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. आम्ही सगळे उपाय करून बसलो होतो. पिकांचे मॉड काढले तरी तेच, घराचे काढले तरी तेच. मी कंटाळून म्हटलं, आता एकही ठेवू नका. सगळे काढा. घर गेलं तर गेलं, पुन्हा बांधू.

तिकडं त्याची खुर्ची करकरली.

"एक मी काढतच न्हाई," तो म्हणाला. "दर वेळेस ठेवतोय."

"कोणता?"

"एक खोली हाय. मागच्या भिंतीला दार हाय तिचं. तुझ्याकडं ती फाइल न्हाई, म्हणून तुला तिथं भिंत दिसती. पुरी झाली की दाखवणार होतो."

मी विचारलं, कसली खोली?

"लेकराची," तो म्हणाला.

आमच्या घरात हा शब्द बरेच दिवस कुणी काढला नव्हता. पहिल्या वर्षी सगळे विचारायचे. आम्ही सांगायचो, बदली झाल्यावर बघू. मग लोक विचारायचे थांबले, सासूबाई थांबल्या आणि शेवटी आम्ही दोघंही थांबलो. सुट्टीत तो यायचा तेव्हा इतक्या गोष्टी उरकायच्या असायच्या, गॅस, घरपट्टी, आईंचा दवाखाना, की ते बोलणं मागं पडायचं. मला वाटायचं, याला त्याचं काही वाटतच नाही. शाळेत पहिलीच्या वर्गात नवीन लेकरं आली की मी एकटीच जून महिनाभर गप्प-गप्प असते, असा माझा समज होता. आणि हा तिकडं पावसाळी डोंगरातल्या भाड्याच्या खोलीत बसून माझ्या भिंतीमागं खोली बांधत होता.

तो घाईघाईनं गेमबद्दल बोलू लागला. त्यानं आधी नुसती रिकामी खोली केली होती, तोवर सगळं ठीक चाललं. संक्रांतीनंतर त्यानं तिच्यात पाळणा आणून ठेवला. रात्री दिवस जमा करताना गेम घरातली एकेक वस्तू दोघांच्या लॅपटॉपवर मोजून घेतो, आणि माझ्याकडं पाळणा नावाची वस्तूच नाही, म्हणून माझा गेम तिथं कोलमडतो. तो म्हणाला, असंच असणार. मला आधीच कळायला पाहिजे होतं. काढून टाकतो, मग चालेल.

"काढू नका," मी म्हटलं. "मला पाठवा."

एवढीशी फाइल होती, पण त्या दुपारी नेट असं काही अडलं की ती यायला सासूबाई परत येईपर्यंत वेळ गेला. त्यानं सांगितलं तिथं मी ती ठेवली आणि गेम उघडला. मागच्या भिंतीत दार होतं. मी आत गेले. तो आधीच आत उभा होता, दस्ती काढून. खोली लहान होती. एक खिडकी, जमिनीवर घोंगडी आणि मधोमध लाकडी पाळणा. आणखी काही नाही.

सासूबाई पिठाचे हात घेऊनच माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. पडद्याकडं पाहत राहिल्या आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खिडकीतलं ऊन पाळण्यावर पडायलंय. त्याला म्हणावं, सरकव थोडा."

फोन स्पीकरवर होता. मी सांगायची गरज पडली नाही. पडद्यावर त्यानं पाळणा उचलला आणि भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवला. सासूबाई हात धुवायला निघून गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

आम्ही दोघं झोपलो. पडदा काळा झाला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ काळा राहिला, आणि उजाडलं. ज्वारी हातभर वाढली होती. तो एवढंच म्हणाला की म्हशीला चारा टाक.

मे महिन्यात तो आला तेव्हा आम्ही पाथरीला एका लग्नाला गेलो होतो. येताना एसटीत जागा मिळाली, खिडकीची. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, वारा असा की डोळे उघडवत नव्हते. मी म्हटलं, बदलीची वाट बघत बसायचं नाही आता. तो म्हणाला, तू एकटीनं कसं करशील? शाळा, आईचं दुखणं, वरून हे. मी म्हटलं, एकटी कुठं हाय, दोघी हाओत आमी. मानवतच्या पुढं कधीतरी त्यानं माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि मला तेवढं पुरलं.

त्या सुट्टीत गेम कुणी उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती. जूनच्या सुरुवातीला मी त्याला सेलू स्टेशनवर सोडलं. गाडी हलल्यावर त्यानं दारातून हात केला आणि मग आत गेला. घरी आले तर सासूबाईंनी त्याचं ताट घासून वेगळं ठेवलं होतं, वरच्या फळीवर, दिवाळीपर्यंतसाठी.

अजून आमच्याकडं काही बातमी नाही. डॉक्टर म्हणतात सगळं नीट आहे, एकत्र राहायला हवं. ते ऐकून मी हसले आणि डॉक्टरबाईही हसल्या. बदलीचं तसंच आहे.

पावसाळ्यात त्याच्याकडं वीज फार जाते. शेत त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे, त्यामुळं तो नसला की मलाही तिथं जाता येत नाही. अशा रविवारी मी आणि सासूबाई बंद लॅपटॉपपुढं जेवून बसतो. त्या विचारतात, काय असंल गं आज रानात? मी सांगते, कापसाला पाती-फुलं लागली असतील, आई. म्हशीनं दूध दिलं असंल. त्या पुढं विचारतात, आणि मी सांगत राहते.