पाव्हण्यानं आवळलेलं हेड

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, माहीत आहे मला! पण निदान तो चहाचा घोट तेवढा खाली उतरू द्या. नाहीतर ठसका लागेल तुम्हाला आणि खापर फुटेल माझ्या डोक्यावर. त्या डोक्यावर आधीच काय कमी फुटलंय?

तर माझी सासुरवाडी बावड्याची. सासरे म्हणजे आमचे तात्या. इंदापुरात हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. आता बंद केलंय, पण हात गप्प बसत नाहीत. घराशेजारी पत्र्याच्या शेडखाली त्यांची स्वतःची जुनी पांढरी मोटार असते, आणि तात्यांचं निम्मं अंग कायम तिच्या बॉनेटात असतं.

तात्यांचा आवाज म्हणजे काय विचारू नका. कारखान्याचा भोंगा लाजेल! ओरडणं हेच त्यांचं बोलणं. सासूबाईंवर ओरडणार, माझ्या बायकोवर, म्हणजे स्वातीवर ओरडणार, पुतण्यांवर ओरडणार. गोठ्यातली गायसुद्धा त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय धार देत नाही. आणि ज्याच्यावर ओरडले, त्यालाच घटकाभरानं दंडाला धरून जेवायला बसवणार. त्या घरातली मायाच तशी, दणदणीत.

फक्त माझ्यावर ओरडत नसत. मी दारात पाऊल टाकलं की हा भोंगा एकदम बंद! बनियनवर शर्ट चढायचा, खुर्ची पुसली जायची, आणि इतक्या हळू आवाजात “या पाव्हणं, बसा पाव्हणं” व्हायचं की मला वाटे, घरात कुणी आजारी आहे की काय!

आता तुम्ही म्हणाल, जावयाला मान मिळतोय तर ह्याचं पोट का दुखतंय? अहो, माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मला दरडावणारं माणूसच राहिलं नाही. आई बिचारी मी पाण्याचा तांब्या भरला तरी कौतुक करायची. लग्न ठरलं तेव्हा मला आतून फार आनंद झाला होता, की चला, आता मला पुन्हा वडील मिळणार. मिळाले काय? यजमान मिळाले! लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी शाळेत जायला लागली, तरी मी आपला पाव्हणाच. मला त्या घरचा व्हायचं होतं हो, दुसरं काही नको होतं.

आणि ती संधी आली. म्हणजे मला वाटलं, आली.

सासूबाईंना नरसिंहपूरला जायचं होतं, नरसिंहाच्या दर्शनाला. आणि जायचं तर आपल्याच गाडीतनं, हा हट्ट. तात्यांनी त्यासाठी इंजिन उघडलं, सगळं साफसूफ केलं, आणि नेमका त्यांचा उजवा खांदा धरला. हातातलं ताटसुद्धा उचलवेना. आम्ही शनिवारी बारामतीहून गेलो तेव्हा इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जाडजूड झाकण, नव्या पॅकिंगवर नुसतं ठेवलेलं होतं. बोल्ट आवळायचे तेवढे राहिले होते.

मी बाह्या सरसावल्या. “तात्या, आवळतो मी!”

“नगं नगं पाव्हणं, तुमी कशाला हात घाण करताय? बसा की वर.”

“अहो, माझं ठिबकचं आणि मोटारपंपाचं दुकान आहे! दिवसभर बोल्टच आवळत असतो मी.”

आतनं सासूबाई ओरडल्या, “आवं, जावयाला कामाला लावलं तर गाव आपल्या तोंडात शेण घालंल!” पण मी कसला ऐकतोय! पाना घेतला आणि कडेच्या बोल्टपासून सुरुवात केली.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण इथूनच घाण झाली. आमच्या पंपाचं गणित सोपं असतं. पाणी गळतंय? आवळ. अजून गळतंय? अजून आवळ. मी पहिल्याच बोल्टला असा काही जोर लावला की माझ्याच कानात सणक गेली.

तात्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, “पाव्हणं, काई काई लोक मधनं सुरुवात करत्यात.”

“करू द्या हो लोकांना! आपण आपल्या पद्धतीनं.”

तात्या मान खाजवायला लागले. जरा वेळानं खाकरले. “थोडं थोडं आवळत, दोन-तीन फेऱ्यात... तसं बी करत्यात म्हणं.”

“कशाला फेऱ्या मारायच्या? एका दमात उरकतो की!”

मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेला एक लांब दांड्याचा पाना काढून माझ्यापुढं ठेवला. त्याला काटा असतो, किती जोर लागला ते दाखवणारा. “ह्यो बी हाय बघा. काट्याचा.”

“ते नवशिक्यांना लागतं, तात्या!”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, इंजिनकडं बघितलं, आणि अगदी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “लईच ताकद हाय बाबा तुमच्यात.”

बघा! कौतुक केलं की नाही? मला तर तसंच वाटलं. मी चेकाळलो आणि पुढचा बोल्ट आणखी जीव खाऊन आवळला.

अहो, आज कळतंय, तो माणूस आतल्या आत उकळत होता. पण जावयाला ‘चुकताय’ म्हणायचं कसं? त्या घरात तसं तोंडातनं निघतच नाही.

एवढ्यात चहाची हाक आली. मी आत गेलो, चहा-भजी झाली, परत आलो. तात्या घामाघूम होऊन फडक्याला हात पुसत होते. मी सहज पाना लावून बघितला तर काय? कडेचा बोल्ट ढिला! त्याच्या शेजारचाही ढिला!

“तात्या! बघितलंत का? सगळे ढिले झाले!”

तात्या शेडच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, “व्हतं आसं कवा कवा.”

“बरं झालं मी तपासलं!” आणि मी परत कोपऱ्यापासून आवळत सुटलो.

मग स्वाती मला डाळिंबाची बाग दाखवायला घेऊन गेली. दर खेपेला बघतो ती बाग, पण ती म्हणाली, चलाच. आलो तर परत ढिले! आता मात्र मला शंका यायला लागली. कसली? माझ्या अकलेची? छे! मी सासूबाईंना जाऊन सांगितलं, “इंजिन जुनं झालंय, आटे धरत नाहीत. मी आता इथनं हलत नाही.” तिसऱ्यांदा आवळले आणि गाडीजवळ बाज टाकून राखणीला बसलो. जेवणाचं ताटही तिथंच मागवलं.

तात्या दोन वेळा येऊन गेले. “पाव्हणं, घरात जाऊन आडवं व्हा जरा. गार हाय घरात.”

“छे हो! मी उठलो की बोल्ट ढिले होतात.”

तात्यांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, माशी बसली असेल.

संध्याकाळी गाडी चालू केली आणि ती चक्क चालू झाली! मी छाती फुगवून सगळीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, “आज नगं, पुढच्या रविवारी जाऊ.” पण सासूबाई जरीकाठी लुगडं नेसून, ओटीचं सामान घेऊन गाडीत बसल्यासुद्धा. मग काय, निघालो! मी चालवायला, तात्या माझ्या शेजारी, मायलेकी मागं. आमची पोरगी राहिली तात्यांच्या पुतण्यांकडं.

निम्म्या वाटेत, दोन्हीकडं ऊस, मध्ये आम्ही, आणि बॉनेटातनं वाफ! फुस्सऽऽ! पुढचं काही दिसेना. मी गाडी कडेला घेतली. तात्या उतरले, बॉनेट उघडलं आणि नुसते बघत राहिले. हेडच्या सांध्यातनं पाणी उकळून बाहेर येत होतं.

गप्प बसावं ना माणसानं? पण नाही! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुखऱ्या खांद्यावर! आणि म्हणालो, “तात्या, मला वाटतं तुम्ही पाणी कमी घातलं.”

आणि मग भोंगा झाला. अहो, उसातनं बगळे उडाले!

“आरं ए गाढवाऽऽ! पाणी कमी? पाणी कमी म्हणतूस व्हय रं? आरं हेड हाय ते, पोत्याचं त्वांड न्हाय, करकचून आवळलं की झालं! चादर हातरताना मधनं हात फिरवत कडंला जातूस, का एका कोपऱ्यावर बुड टेकून बसतूस? एक कोपरा जीव खाऊन दाबलास तर दुसरा उचलणार न्हाय व्हय? मधलं बोल्ट आधी, मग त्याच्या भवतालचं, मग कडंचं! थोडं थोडं! फेऱ्या फेऱ्यानं! काट्याचा पाना म्होरं ठिवला तर म्हणं, नवशिक्यांना लागतो! तुझ्यापरीस नवशिका कोण हाय रं ह्या तालुक्यात?”

“पण तात्या, ते बोल्ट आपोआप ढिले...”

“आपोआप? म्या ढिलं केलं! दोनदा केलं! ह्या मोडक्या खांद्यानं केलं! नीट लावाया घ्यावं तर तू परत हजर, दुधावर बोका आल्यागत!”

पुढचं सगळं काही सांगत नाही, बायकामाणसं बसलीत इथं. पण बराच वेळ चाललं. मागनं सासूबाई गाडीतनं ओरडल्या, “आवं, जावई हाय त्यो! काय बोलताय?”

तात्या एकदम थांबले. टोपी काढली, तोंड पुसलं, आणि परत तो आजारी घरातला आवाज आला, “पाव्हणं... चुकलं माझं. त्वांडातनं गेलं. मनाला लावून घिऊ नगा.”

माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. खरं सांगतो, लाज नाही मला सांगायला. वडील गेल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. ते वाफेचं इंजिन, ते ऊन, तो ऊस, सगळं मला गोड लागत होतं.

“तात्या,” मी म्हणालो, “परत घेऊ नका! पाहिजे तर अजून दोन शिव्या घाला, पण ते ‘पाव्हणं’ नको.”

तात्या माझ्याकडं टक लावून बघत राहिले. मग वळून म्हणाले, “आगं स्वाते, ह्याला ऊन लागलंय. पाणी दे ह्याला.”

‘ह्यांना’ नाही म्हणाले, ऐकलंत का? ‘ह्याला’!

सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “बघा नशीब! आन म्या लगीन झाल्यापास्नं वाट बघतीया, मला कवा पाव्हणी म्हणत्यात!”

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून गाडी बावड्याला ओढून आणली. गाडीचं सुकाणू माझ्या हातात, आणि ट्रॅक्टरवर बसून तात्या सगळ्या रस्त्यानं माझ्यावर ओरडत होते. “ब्रेक धर! सोड! आरं दोर ढिला पडतोय! झोपलास व्हय?” गावात शिरलो तेव्हा लोक दारात येऊन बघत होते, जावयाचं हे काय चाललंय म्हणून. मी त्यांना हात करत होतो.

हेड वाकलं होतं. इंदापुरातनं लेथवर सपाट करून आणलं, नवं पॅकिंग आणलं. पुढच्या शनिवारी परत शेडखाली आम्ही दोघं. ह्या वेळी हातात काट्याचा पाना. तात्या बनियनवरच होते, शर्टबिर्ट काही नाही.

“मधला घे. त्यो न्हवं, मधला! हां. आता त्याच्या समोरचा. बास, बास! काटा बघ की आंधळ्या!”

मधनं बाहेर, थोडं थोडं, परत मधनं. शेवटच्या फेरीला माझा जोर पुरेना तेव्हा तात्यांनी आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून पाना ओढला. काटा बरोबर जागेवर आला. मग तात्यांनी माझ्या पाठीवर ऑइलच्या हातानं एक थाप मारली आणि चूळ भरायला गेले. स्वाती म्हणाली, शर्टाचा डाग निघायचा नाही. नाही निघाला तर नाही निघाला.

रविवारी गाडी थांबली ती थेट नरसिंहपुरात. सासूबाईंचं दर्शन झालं, नद्यांच्या संगमावर पाण्यात पाय बुडवून बसल्या, खूश होत्या. तिथं तात्यांचे जुने स्नेही, एक आबा भेटले. गाडीकडं बघून झालं, खांद्याची चौकशी झाली, मग माझ्याकडं बोट करून विचारलं, “हे कोण म्हणायचं? पाव्हणं का?”

माझा जीव कानात गोळा झाला. आता काय म्हणतात?

तात्या म्हणाले, “न्हाय न्हाय. ह्यो आमचाच हाय. जरा येडा हाय, पर आमचा हाय.”

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावली.

“येडा हाय ते कळलं मला,” ते म्हणाले. “गाडीतनं उतरल्यापास्नं एकटाच हसतोय.”