मुसफ्फाच्या मंडळींची टाळी

शहाण्णव साली शौकतभाईंनी शारजात सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या ढंगाच्या गाण्यांची कॅसेट कंपनी काढली. पुढं तिच्या कॅसेटी आखातभर वाजल्या, पण तेव्हा सगळा संसार गोदामातल्या एका खोलीत होता. हॉटेलात गाणारी केनियाची हलिमा तिथं काळजाला हात घालणारी गाणी म्हणायची. नागेश कंपनीची गाडी चालवायचा, रेकॉर्डिंगचं मशीनही सांभाळायचा. ड्रायव्हरकीला तो विटला होता, आणि हलिमाचं नवं गाणं जमलं तर शौकतभाई त्याला रेकॉर्डिस्ट करणार होते.

गाण्याला दहा-बारा जणांची दणकेबाज टाळी हवी होती. "टाळीवाले मैं लाता हूँ साब!" म्हणत नागेशनं छाती ठोकली आणि शुक्रवारी अबूधाबीकडच्या मुसफ्फाच्या कामगार कँपातलं भजनी मंडळ भाड्याच्या पिकअपमधून आणलं. म्होरक्या तुकाराम. नागेशचा चुलता, वेल्डर. नागेशच्या व्हिसासाठी सुपरवायझरच्या हातापाया पडलेला माणूस.

आणि पचका झाला. भजनात टाळी पडते समेवर, पहिल्या मात्रेला. या गाण्यात ती हवी दुसरीला आणि चौथीला. पुन्हा पुन्हा समजावलं, पण जन्माची सवय, हात आपले पहिलीलाच पडायचे. हलिमा गाता गाता अडखळायची.

काचेआड शौकतभाई कडाडले, "किन को उठा लाया?"

"अपने लोग नहीं हैं, साब," नागेश बोलून गेला. "पिकअपवाला कोई भी ले आया."

काचेपलीकडं आवाज जात नव्हता. तुकाराम त्याच्याकडं बघून कौतुकानं हसत होता. नागेशनं माइक सुरू केला, "झकास, काका! खलास!"

मंडळी खुशीत परतली. मग हलिमाच्या मैत्रिणींची टाळी घेतली आणि नागेश रेकॉर्डिस्ट झाला. लाज वाटली, पण त्यानं ती गिळली.

कॅसेट बाजारात येताच तुकारामनं ती विकत घेतली आणि नागेशला कँपावर जेवायला बोलावलं. खोली खच्चून भरलेली. "गप ऱ्हवा रे, आता आमची टाळी येतेय!"

गाणं आलं. तुकारामचे हात पहिल्या मात्रेला एकमेकांवर आपटले. कॅसेटमधली टाळी मागाहून आली. पुढची पण तशीच. त्याचे हात थांबले.

नागेशला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तुकारामनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, सगळं ओळखलं.

"हीच ती आमची टाळी," तो खोलीला म्हणाला. "आणि हा घेणारा. माझा पुतण्या आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागेशला मान वर करवेना.