पुलात किती पाणी मावेल?

माझा मामा नगरपालिकेच्या बांधकाम विभागात हेड क्लार्क होता आणि माझ्या पाहण्यातला सगळ्यात सरळ माणूस होता. सरळ म्हणजे किती, तर ऑफिसचं पेन चुकून खिशात राहिलं तर जेवण अर्धवट टाकून परत द्यायला जायचा. लग्न केलं नाही. स्थळ बघायला गेला की स्वतःच्या सगळ्या खोडी आधी सांगून मोकळा व्हायचा, मग काय होणार? अशा माणसाच्या हातून जो घोळ झाला, तो एखाद्या लबाडाच्या हातून कधीच झाला नसता, हे माझं ठाम मत आहे. बाकी या प्रकरणातलं मला फारसं काही ठामपणे सांगता येत नाही.

आमच्या गावाच्या मधून नदी जाते. मामाचं घर, म्हणजे आईचं माहेर, अलीकडे आणि आईचं घर पलीकडे. मी लग्न होऊन अलीकडे आले आणि नगरपालिकेच्या समोरच टायपिंग-झेरॉक्सचं दुकान थाटलं. जुना पूल होता तोवर आई संध्याकाळी भाजी आणायला म्हणून निघायची आणि पिशवीसकट माहेरी जाऊन बसायची. आजी गेल्यावर तिनेच मामाला लहानाचा मोठा केला होता. त्यामुळे तो जेवला का, केस कापले का, शर्टाला बटण आहे का, हे रोज डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मग पुलाच्या एका खांबाला तडा गेला आणि पालिकेने दोन्ही तोंडांना भिंती घालून तो बंद केला. आता पलीकडे जायचं तर महामार्गावरून मोठा वळसा. बसच्या उंच पायऱ्या म्हटल्या की आईचे गुडघे संप पुकारायचे.

पूल बंद झाला त्याच आठवड्यात मामाने तिला सांगून टाकलं, "ताई, नवा पूल माझ्याच टेबलावरून जाणार आहे. तू पायी माहेरी येशील. माझा शब्द." शब्द दिला आणि तिथेच फसला. त्यानंतर तो तिच्याकडे जाईनासाच झाला. पुलाचं काही ठरल्याशिवाय तिला काय तोंड दाखवू, म्हणायचा. फोन मात्र रोज करायचा. "होतंय, ताई, होतंय." मी रविवारी आईकडे गेले की ती मला पाणी द्यायच्या आधी विचारायची, "मामा काय म्हणतो?" मी म्हणायचे, "होतंय म्हणतो." असं होता होता तीन वर्षं झाली.

मला आपलं वाटायचं, पूल बांधायचा म्हणजे माणसं बोलवायची आणि सिमेंट आणायचं. एकदा मामा दुकानात चहाला आला तेव्हा मी त्याला धारेवरच धरलं. "घोडं अडलंय कुठे तुमचं?"

"अगं, पूल बांधणारा वेगळा असतो. त्याच्या आधी पूल कसा बांधायचा हे सांगणारा लागतो. तो सल्लागार."

"मग बोलवा त्याला."

"असा बोलवता येत नाही. निवडावा लागतो. त्यासाठी समिती आहे."

"मग निवडू दे की समितीला."

"समितीला पुलातलं काय कळतंय? निवडताना काय बघायचं, हे सांगायला कोणीतरी जाणकार पाहिजे."

"म्हणजे सल्लागारच ना?"

"हो."

"आणि तो कोण निवडणार?"

मामाने चहाच्या कपात पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "तेच तर चाललंय." मी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि नाद सोडला.

त्या सुमारास बांधकामाचे इंजिनिअर बदलून गेले होते आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे या विभागाचा जादा भार आला होता. त्यांचं सगळं आयुष्य पाइपात गेलेलं. ते मामाला म्हणाले, "मागे आपण पाण्याच्या टाकीसाठी सल्लागार नेमला ना? तीच निविदा सूचना घ्या आणि कामाचं नाव बदला."

यात वावगं कोणालाच वाटलं नाही, कारण त्या ऑफिसात कोरा कागद कोणी घेतच नाही. नवी सूचना जुन्या सूचनेतून निघते, जुनी तिच्याहून जुनीतून. एकदा लेखापरीक्षणातून सुटलेलं वाक्य म्हणजे धुतलेलं वाक्य, त्याला हात लावायचा नाही. एखादं वाक्य गाळलं तर का गाळलं, असं कोणी विचारू शकतं. ठेवलं तर का ठेवलं, असं कोणी विचारत नाही. मामा तर या शिस्तीचा पक्का. ऑफिसात त्याला पाठीमागे 'जैसे थे' म्हणायचे. त्याने प्रामाणिकपणे, एकही ओळ न गाळता, जिथे जिथे टाकी होती तिथे तिथे पूल केला. साहेबांनी सही केली, समितीने मंजुरी दिली, पेपरात जाहिरात आली.

पाच कंपन्यांचे प्रस्ताव आले. समितीतल्या प्रत्येकाला एकेक प्रत हवी म्हणून सगळा गठ्ठा माझ्या दुकानात आला. माझं मशीन तेव्हा रखडत चालायचं, त्यामुळे एकीकडे पानं टाकता टाकता मी वाचत बसले. पहिला प्रस्ताव गुळगुळीत कागदावर, रंगीत. त्यात लिहिलं होतं की, प्रस्तावित पुलाची साठवण क्षमता वाढत्या लोकसंख्येचा विचार करून ठरवली जाईल. दुसऱ्यात पूल भरून वाहू लागला तर जादा पाणी कुठून काढायचं त्याचं चित्र होतं. तिसऱ्याने पूल आतून वर्षातून दोनदा धुवायची हमी दिली होती. चौथ्याने तर अशा पुलांचा आपल्याला दांडगा अनुभव असल्याचं सांगून खाली फोटो लावले होते. फोटो साध्या पुलांचेच होते.

मी खरंच चक्रावले. पण लगेच हसायची माझी हिंमत झाली नाही. एवढे शिकलेले लोक लिहितात म्हणजे हल्ली पुलातही पाणी साठवत असतील, आपल्याला काय कळतंय, असं वाटलं. पोकळ खांब असतील, त्यात भरत असतील. रस्ता ओलांडून मी मामाला बोलावून आणलं. "मामा, आपल्या पुलात किती पाणी मावणार आहे रे?"

त्याने चष्मा पुसला, पान वाचलं, पुन्हा पुसला. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाचवा प्रस्ताव सगळ्यात बारीक होता, एका इंजिनिअर बाईंचा. त्यात पाणी साठवण्याच्या कलमांपुढे उत्तरच नव्हतं. फक्त लिहिलं होतं की ही कलमं पुलाला कशी लागू होतात ते समजलं नाही, कृपया खुलासा करावा, तोवर जागा रिकामी ठेवली आहे.

"रिकामी जागा म्हणजे शून्य गुण," मामा म्हणाला. "बाई बाद."

"मग खुलासा कर ना."

"खुलासा केला तर सूचना रद्द. पुन्हा मसुदा, पुन्हा मंजुरी, पुन्हा जाहिरात. तोवर मी रिटायर होईन, आणि माझ्यानंतर ही फाइल कोण कपाटातून काढणार? ताईचं वय बघ."

"आणि नाही केला तर?"

"नाही केला तर या चौघांतला एक जण पुलाचा आराखडा काढणार. आणि त्यावरून ताई चालणार."

मी चिडलेच. मला त्या क्षणी आई दिसत होती, पिशवी घेऊन पूल ओलांडताना. मी म्हटलं, "तू गप्प बस. नेमा कोणालाही, पुढचं पुढे बघतील. त्यांना पूल येत नसेल असं थोडंच आहे? नुसतं वाचलं नाही त्यांनी."

"वाचलं नाही," मामा म्हणाला, "तेच म्हणतोय मी." आणि माझ्या स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून आत येत होती.

बैठकीच्या दिवशी प्रती कमी पडतील म्हणून मलाही सभागृहात मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. पंखा घरघरत होता, टेबलावर हिरवं कापड, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. पहिल्या कंपनीचा टाय लावलेला माणूस भिंतीवर चित्रं दाखवत होता. नगराध्यक्षांनी विचारलं, "पूल पूर्ण भरलेला असताना वरून गाड्या जातील का?"

"अगदी निर्धोक, साहेब."

पाणीपुरवठ्याचे साहेब त्या दिवशी कधी नव्हे ते खुलले होते. बांधकामाच्या बैठकीत त्यांना पहिल्यांदाच काही कळत होतं. "क्लोरीन कुठून सोडणार?" त्यांनी विचारलं. टायवाल्याने पुलाच्या मध्यावर बोट ठेवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मामाकडे पाहत होते. तो आपल्या बाटलीचं झाकण उघडत होता आणि लावत होता.

शेवटी त्या इंजिनिअर बाई उभ्या राहिल्या. त्यांनी काही दाखवलं नाही. म्हणाल्या, "माझा आधी एक प्रश्न आहे. या पुलात पाणी का भरायचंय?"

सगळे आपापल्या प्रतीची पानं उलटू लागले. मग साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सूचना नीट वाचलेली दिसत नाही."

मामा उठला. त्याची खुर्ची मागे पडली, ती उचलायला वाकला, पुन्हा उभा राहिला. "साहेब, त्यांनी एकट्यांनीच वाचली," तो म्हणाला. "चूक माझी आहे. ती टाकीची सूचना होती. मी फक्त नाव बदललं."

यानंतर जो गोंधळ उडाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. नगराध्यक्षांना वाटलं, पूल टाकीवर बांधायचं ठरलं होतं. एक सदस्य म्हणाले, पाणी साठवण्याची कल्पना मुळात चांगली आहे, ती सोडू नये. दुसऱ्याने विचारलं, मग टाकीची सूचना कशावरून केली होती? मामा खाली मान घालून म्हणाला, "रिंग रोडच्या सूचनेवरून." तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर, जिथे पाखरू फिरकत नाही तिथे, पट्टे मारलेला पादचारी मार्ग का आहे. साहेबांनी तिथल्या तिथे कानांवर हात ठेवले. जादा भार होता, म्हणाले. सूचना रद्द झाली. मामाला मेमो मिळाला.

जिन्यात मामाने त्या बाईंना गाठलं. मला वाटलं, त्या आता आभार मानतील, दोन शब्द चांगले बोलतील. कसलं काय! "आधी कळवायचं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझा सबंध दिवस गेला."

"पुन्हा अर्ज कराल ना, मॅडम?"

"बघते," म्हणून त्या निघून गेल्या. मामाने बरोबर केलं की वेडेपणा केला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. नवी सूचना मामा रिटायर होईपर्यंत निघाली नाही, आणि अजूनही निघालेली नाही, त्यामुळे आताही कळत नाही.

आईला सांगायचं काम त्याने माझ्यावर ढकलून पाहिलं. मी साफ नकार दिला. मीही रागाने भरलेलीच होते. एवढा सरळपणा करायचा तर मग बहिणीसमोरही कर, म्हटलं. रविवारी आम्ही दोघं निघालो. बसमध्ये तो सगळा वेळ ओठांतल्या ओठांत काय बोलायचं ते जुळवत होता.

आई दारात कपडे घडी करत उभी होती. त्याला बघून तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तो वाळला होता, केस वाढले होते, आणि शर्टाला वरचं बटण नव्हतं. तिने सगळं एका नजरेत टिपलं. मामा आत आला नाही. चप्पलही काढली नाही.

"ताई, पूल लांबला," तो म्हणाला. "माझ्याच चुकीनं. तू पायी येशील असा शब्द दिला होता मी. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

आई रडेल किंवा बोलेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "कसा आलास?"

"आं? बसनं."

"मिळाली लगेच?"

"मिळाली."

"बदलावी लागली?"

"एकदा."

"मग?" आई म्हणाली.

मामाला समजेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही समजलं नव्हतं. "मग काय, ताई?"

"तीन वर्षं शेजारणींना सांगत होते, पूल नाही ना, म्हणून माझा भाऊ येत नाही." तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "आता काय सांगू त्यांना?"

मामा चपलांसकट उंबऱ्यावर बसला आणि त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. आई टॉवेल छातीशी धरून उभीच होती. आधी कोणाजवळ जावं ते मला कळेना.