'जाते' म्हणणारा आवाज

घोषणाताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्यांची आई. बाकीच्यांना त्या बसस्थानकाच्या काचेच्या खोलीतला आवाज म्हणूनच ठाऊक. बाई महाहट्टी. गाडी फाटकातून आत शिरलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय "येत आहे" म्हणायच्या नाहीत. स्थानकाचे साहेब वैतागायचे, "अहो, लोकांना जरा धीर द्या की!"

"खोटा धीर माझ्या तोंडून नाही मिळायचा," ताई म्हणायच्या.

मग यंत्र आलं. ताईंचा आवाज त्याला शिकवला आणि ताईंना घरी बसवलं. आता न निघालेल्या गाड्याही त्यांच्याच आवाजात बिनदिक्कत "थोड्याच वेळात" येऊ लागल्या. रस्त्याने जाताना ते कानावर पडलं की ताई झपझप पुढे निघायच्या. आपलं तोंड बंद, आणि तरी आपणच थापा मारतोय!

एका दुपारी आईचा फोन आला. ती एकटी राहायची, डोळ्यांनी फारच अधू. "मघाशी तू फोन केलास? माणूस पाठवतेय, दार उघडं ठेव म्हणून?"

"मी? नाही गं!"

"वाटलंच मला. आवाज हुबेहूब तुझा. पण ठेवताना 'चल, जाते' म्हणाली मेली. तू जन्मात 'जाते' म्हटलं नाहीस, 'येते' म्हणतेस. मी कडीच घातली."

यंत्रातला आपला आवाज कुणा चोराच्या हाती लागलाय, हे ताईंच्या लक्षात आलं. "कोणालाही उघडू नकोस. मी आधी पोलिसात जाते आणि मग..."

फोन बंद झाला होता.

ताईंनी जीभ चावली; तोंडून 'जाते' निघून गेलं होतं. पुन्हा पुन्हा फोन लावला, आई उचलेना. धापा टाकत त्या आईच्या दाराशी पोहोचल्या. "आई, मी आलेय!"

आत भांडं पडलं. "चालती हो! माझ्या लेकीला बोलावीन!"

"अगं, मीच तुझी लेक! लहानपणी मी अंधाराला घाबरून तुझ्या पदरात तोंड लपवायचे, आठवतं?"

"एवढंही शिकून आलीस?" आईचा आवाज आणखी मागे सरकला.

ताई जितक्या कळवळून बोलत होत्या, तितकी आई घाबरत होती. शेवटी त्यांनी तोंड मिटलं आणि खिडकीच्या गजांतून हात आत घातला. मग आईची बोटं तळव्यावरून, मनगटावरून चाचपत फिरली.

कडी निघाली.

"ये आत," आई रडत म्हणाली. "पण बोलू नकोस गं. तू बोललीस की मला भीती वाटते."