डाव्या कोपऱ्याशेजारी

आमच्या निफाडच्या कबड्डी संघात डावा कोपरा माझ्या जोडीदाराचा आणि त्याच्या शेजारची जागा माझी. बचाव करताना आम्ही एकमेकांचा हात धरून उभे राहायचो. तो चढाईवाल्याच्या घोट्यावर झेपावला की त्याच क्षणी मी वरून झडप घालायची, असं ठरलेलं. एकट्याने घोटा धरून ठेवणं धोक्याचं असतं. समोरचा सारं अंग टाकून सुटायला बघतो.

जिल्हा निवडीच्या सामन्यात त्याने घोटा धरला आणि मी जागेवरच थांबलो. आम्हा दोघांतला एकच जिल्हा संघात घेणार, असं कानावर आलं होतं. त्याची पकड सुटावी, एवढंच मला हवं होतं. त्याचा गुडघा गेला. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून मला नोकरी लागली. माझा पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यालाही.

आता तो द्राक्षबाग सांभाळून गावातल्या मुलींना कबड्डी शिकवतो. परवा त्याने मला बोलावलं. "या साहेब. पोट आवरा आन् पोरींना जरा पकड दाखवा." तिथेच, मैदानाच्या कडेला, मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

त्याने मुलींकडे बोट केलं. मग म्हणाला, "मला सांगून आता काय उपेग हाय? त्यांना सांग. पकड नंतर शिकव."

मी मुलींना सगळं सांगितलं. एकीने विचारलं, "मग तुम्ही पुढं खेळले का?"

"खेळलो," मी म्हणालो. "बरीच वर्षं."