रस्त्यावर जाऊन टॉवेल झटकणारे

विश्रामबागेत वकिलांच्या ऑफिसबाहेर माझ्या शेजारी जतकडचे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती. खांद्यावरचा टॉवेल झटकायला ते दर वेळी माझे पाय ओलांडून पार रस्त्यावर जायचे. मला वैताग आला.

"आता कुठली धूळ हाय त्यात? पण ऐकत्यात व्हय!" बाई धापा टाकत म्हणाल्या.

मग कळलं. ते मुंबईकडे सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसची पोती फोडायचे. रिकामी पोती फुकट मिळायची. बाई ती झटकून, धुऊन वाकळंत आत घालून शिवायच्या. कामाचे कपडेही त्याच झटकायच्या.

"लय ऊब व्हती त्या वाकळंत," ते म्हणाले. आता दोघांच्याही छातीच्या फोटोत तीच धूळ निघाली होती.

वकिलांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"कामामुळं झालेला आजार आहे, तुमचा भरपाईचा दावा लागतो. नोकरी सुटली असली तरी लागतो. बाईंचं अवघड आहे. त्या कामगार नव्हत्या."

"आवं, कापडं मी घालायचो, झटकायची ती. धूळ दोघांनी खाल्ली की."

वकिलांनी बाईंच्या छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला. "त्यांचा वेगळा दावा लावून बघू. पण लांबेल, आणि मिळेलच असं नाही."

"मग तिचा आदी लावा," ते म्हणाले. "पोती घरात मी आणली व्हती."